जीपच्या नाकावरचा देव

“मिस्त्री, तेवढ्या जागेला हात लावायचा न्हाई. बाकी सगळी गाडी तुमची.”

तात्या हे म्हणाले तेव्हा मी जीपखाली उताणा पडलो होतो आणि माझा हात नेमका त्याच जागेवर होता. चटका बसल्यासारखा मी तो काढून घेतला. खालून मला त्यांचं धोतर, वहाणा आणि काठी एवढंच दिसत होतं. आवाज मात्र पुढे बोलायची सोय न ठेवणारा होता.

आधी ओळख करून देतो. मी यासीन. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर एमआयडीसीच्या मागच्या रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या बोर्डावर अजून नगरच आहे. दुसऱ्यांच्या गाड्या रंगवण्यातून स्वतःचा बोर्ड रंगवायला वेळ मिळालेला नाही. काम एकच करतो. जुन्या गाड्या जशा होत्या तशा करून द्यायच्या. गिऱ्हाइकं त्याला रिस्टोरेशन म्हणतात. शेजारचा टायरवाला म्हणतो, यासीनभाई भंगाराची सेवा करतात.

तात्या सोनईचे. ऊस, कांदा, मोठं खटलं. ही जीप त्यांच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावातून आणली होती. आमच्याकडे अशा गाडीला डिस्पोजलची जीप म्हणतात. त्या जीपनं खताच्या गोण्या वाहिल्या, बाळंतिणी नेल्या, कीर्तनकार आणले आणि निवडणुकीत सगळ्याच पक्षांचे कर्णे मिरवले. मग कित्येक वर्षं ती गोठ्याशेजारी उभी होती. तिला बाहेर काढलं ते तात्यांच्या नातीनं, ऋतुजानं. पोरगी राहुरीला शेतीचं शिकलेली. तिचं लग्न दिवाळीनंतर राहुरीच्याच एका मंगल कार्यालयात होतं. तिचा एकच हट्ट होता. नवरी म्हणून मी मागे बसून जाणार नाही, सोनईहून राहुरीपर्यंत तात्यांची जीप स्वतः चालवत जाईन, आणि मागे सगळी चुलतभावंडं बसतील.

तात्यांनी हा हट्ट एका दमात मान्य केला. जीप टेम्पोवर चढवून माझ्याकडे पाठवली.

पहिल्याच दिवशी बापलेकांची जुंपली. सुनील, म्हणजे तात्यांचा लेक आणि ऋतुजाचा बाप, मोबाईल घेऊन माझ्या मागे मागे फिरत होता. “यासीनभाई, हे बघा. जाळी मिळती, हेडलाईट मिळतात, मीटर मिळतंय. अख्खी जीप नवी येती पार्सलनं. कशाला त्या जुन्या पत्र्याला ठोकत बसता?”

आमच्या धंद्यात या मालाला रिप्रो म्हणतात. रिप्रो म्हणजे रिप्रोडक्शन. मूळ कंपनीनं तो भाग बनवणं केव्हाच बंद केलेलं असतं, मग दुसरं कोणीतरी जुन्याच्या मापानं नवा बनवून विकतं. दिसायला हुबेहूब असतो. बसवायला गेलं की कळतं. पत्रा पातळ, भोकं सरकलेली, क्रोम दुसऱ्या पावसाळ्यात फुगणार. मला त्या मालाचा राग आहे, आणि राग आला की मी जरा जास्त बोलतो.

त्या दिवशीही बोललो. तात्यांना जाळीवर बोटं वाजवून दाखवली. म्हणालो, “तात्या, असं लोखंड आता निघत नाही. रिप्रो लावली तर तुमची जीप वरातीतल्या भाड्याच्या घोड्यासारखी दिसेल. मी एकही मूळ भाग फेकणार नाही. जे आहे ते दुरुस्त करीन.”

तात्या खूश झाले. लेकाकडे बघून म्हणाले, “आयकलं का? जाणता मानूस हाय. तू तो फोन खिशात घाल.”

माझं ते ‘एकही मूळ भाग फेकणार नाही’ पुढे माझ्याच गळ्यात पडलं.

काम सुरू झालं. हेडलाईटच्या आतल्या वाट्या काळ्या पडल्या होत्या, त्यांना नव्यानं पॉलिश चढवलं. मीटर उघडून त्यातलं मुंग्यांचं वारूळ काढलं. जाळीच्या वाकलेल्या पट्ट्या एकेक करून सरळ केल्या. इंजिन बोललं. ब्रेकची चाकांतली सगळी कामं झाली. मूळ भाग दुरुस्त करण्यात एक नशा असते आणि मी त्या नशेत होतो. त्या नशेतच एका सकाळी जीपखाली शिरलो आणि उजव्या नाकापाशी पोचलो.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. जीपची चासी म्हणजे तिचा सांगाडा. त्याची दोन पोकळ टोकं पुढे बाहेर आलेली असतात, त्यांना आम्ही नाक म्हणतो. दोन्ही नाकांखाली एकेक कमानपट्टा, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, टांगलेला असतो आणि त्या दोन कमानपट्ट्यांवर पुढची चाकं. नाक तुटलं तर कमानपट्टा सुटतो, चाक आडवं होतं आणि स्टीअरिंग हातात नुसतं फिरत राहतं.

डावं नाक साधं होतं. उजव्या नाकावर देव होता.

म्हणजे असं. जीप घरी आली त्या पहिल्या दसऱ्याला तात्यांच्या वडिलांनी तिच्या उजव्या नाकावर नारळ फोडला आणि तेलात कालवलेला शेंदूर लावला. तेव्हापासून दर दसऱ्याला, दर लग्नकार्याला, दर मोठ्या प्रवासाला नारळ तिथेच फुटला आणि शेंदूर तिथेच चढला. थरावर थर बसून तिथे चांगला मुठीएवढा गोळा झाला होता. बंपरचे बोल्टसुद्धा त्याच्या पोटात गेले होते. घरातली माणसं गाडीत बसण्याआधी त्या गोळ्याला हात लावून तो कपाळाला लावत. जीप गोठ्याशेजारी पडून होती तेव्हाही दसरा चुकला नव्हता.

मी हातोडीनं डावं नाक ठोकलं. टणक, मोकळा आवाज आला. उजवं ठोकलं, शेंदराच्या जरा मागे. थप्प. ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा आवाज. पुन्हा ठोकलं. पुन्हा थप्प.

नारळाचं पाणी कुठे जातं याचा विचार कोणी केलेला नसतो. ते बोल्टच्या भोकातून नाकाच्या पोकळीत जात होतं. पाणी निघून जायला कंपनीनं खाली एक भोक ठेवलेलं असतं, ते शेंदरानं बुजलं होतं. म्हणजे पाणी आत आणि वाट बंद. लोखंड आतून खात चाललं होतं आणि बाहेरून देव चांगला तुकतुकीत होता.

हे मला ठोकून कळलं होतं, दिसलं नव्हतं. बघायचं तर शेंदूर खरवडायला हवा होता. आणि नेमकं तेव्हाच वरून तात्यांचा आवाज आला.

मी बाहेर आलो, हात पुसले. म्हणालो, “तात्या, याच्या खालचं लोखंड एकदा बघायला पाहिजे. आवाज बरोबर नाही.”

“आवाज? आवो, तो देव हाय म्हनून तर ही गाडी अजून उभी हाय. तुमीच म्हनला हुता ना, असं लोखंड आता निघत न्हाई? एकबी मूळ भाग फेकनार न्हाई म्हनून?”

“म्हणालो होतो. पण…”

“मग झालं तर.”

माझ्या जागी दुसरा मिस्त्री असता तर कदाचित वाद घातला असता. मी मुसलमान आहे. आमच्या गॅरेजात दसऱ्याला पान्या-हातोड्यांना झेंडूचे हार घालतात आणि ते हार गॅरेज टाकल्यापासून मीच बाजारातून आणतो. कधी काही अडलं नाही. पण हार आणणं वेगळं आणि दुसऱ्याच्या देवाला पत्रा खरवडायची पट्टी लावणं वेगळं. हा काळ असा आहे की माणूस नको तेवढा विचार करतो. मी केला, आणि मला स्वतःचाच राग आला.

सुनीलला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, “भाई, मी नवीन घ्या म्हणत हुतो तवा तुमीच मला येड्यात काढलं. आता तात्यांना तुमीच सांगा. मला जेवण मिळायचं बंद हुईल घरात.”

त्याचंही बरोबर होतं.

तिथून माझी झोप आणि जेवण दोन्ही बिघडलं. दुसऱ्या गाडीचं काम करता करता मी उठायचो आणि जाऊन ते नाक ठोकायचो, जणू आज आवाज बदलेल. घरात चिडचिड करायचो. बायको म्हणाली, एवढंच असेल तर त्या जीपलाच घरी आणून ठेवा आणि तुम्ही गॅरेजात राहा.

ऋतुजा गाडीची सवय करायला यायची. जुन्या जीपचा गिअर टाकायला दोनदा क्लच दाबावा लागतो, ते तिनं चटकन उचललं. हात हलका, नजर लांब. मी शेजारी बसून शिकवत होतो, पण माझं ध्यान रस्त्यावर नव्हतंच. प्रत्येक खड्ड्याला मी कान उजव्या चाकाकडे लावायचो.

“चाचा, तुम्ही इतके घाबरता माझ्या ड्रायव्हिंगला?”

“तुझ्या नाही.”

“मग?”

मी सांगितलं नाही. तिचं लग्न होतं. एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर, बैलगाडीच्या चालीनं, आम्ही फिरून परत यायचो. तिला त्यापुढे मी जाऊच देत नव्हतो. पण राहुरीचा रस्ता रिकामा नसतो. लग्नाच्या दिवसांत कारखाने सुरू असतात आणि समोरून उसाच्या ट्रॉल्या येतात, एकामागे दुसरी जोडलेली, झुलत. उजवं चाक आडवं झालं की जीप उजवीकडेच जाणार. त्यापुढचं चित्र डोळ्यांसमोर आलं की मी हातातलं काम टाकून उठत असे.

शेवटी मी एक गोष्ट चोरून केली. चासीच्या उजव्या नाकाचा रिप्रो भाग मागवला. पार्सल आलं तेव्हा टायरवाला समोरच उभा होता. “काय यासीनभाई, रिप्रो?” म्हणाला आणि खदाखदा हसला. जन्मभर ज्या मालाला नावं ठेवली तोच मी खोक्यातून काढत होतो. भाग बघितला. पत्रा पातळ, भोकं सरकलेली. सगळं मी सांगत आलो तसंच. पण ठोकला तर आवाज टणक होता. खोकं ऑईलच्या डब्यांमागे ढकलून ठेवलं.

किल्ली द्यायची नाही, एवढं मनाशी ठरवलं होतं. ते तात्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं, हे ठरत नव्हतं.

मग दसरा आला.

जीप माझ्याकडे होती, म्हणून तात्या सगळ्यांना घेऊन गॅरेजात आले. सुनील, त्याची बायको, ऋतुजा. हातात पूजेचं ताट. मी हत्यारं मांडून ठेवली होती, ऐरणीला हार घातला होता. जीप धुऊन पुसून उभी. तात्यांनी सगळ्यांच्या आधी मला आपट्याचं पान दिलं, मला जवळ घेतलं. माणूस मनानं फार चांगला, त्यामुळेच मला ते सगळं आणखी जड झालं.

त्यांनी नारळ घेतला. जीपच्या उजव्या अंगाला गेले.

माझ्या तोंडून निघून गेलं, “तात्या, हळू मारा.”

ते थांबले. माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं जमीन दुभंगावी. “देवापुढं नारळ हळू फोडत्यात व्हय? आमी काय चोरून करतोय?”

आणि हात वर करून त्यांनी असा जोरात नारळ मारला, जसा रागाच्या भरात माणूस मारतो.

नारळ फुटला नाही. आत गेला.

मला आवाज अजून आठवतो. वाळलेल्या शेणीवर पाय पडावा तसा. शेंदराचा अख्खा गोळा एकसंध निघून खाली पडला आणि नारळ चासीच्या नाकात अर्धा रुतून बसला. खालून काळपट लाल गंज भुगा होऊन सांडायला लागला.

दसऱ्याचा नारळ फुटला नव्हता, देव जमिनीवर पडला होता, आणि नवरी समोर उभी होती. सुनीलच्या बायकोनं तोंडावर पदर धरला. तात्या माझ्याकडे वळले.

“मिस्त्री, तुमी काय केलं हिथं?”

ज्याला मी इतके दिवस भीत होतो तो हाच प्रश्न होता. मला वाटलं होतं तो आला की मी खाली बघेन. पण मला राग आला. खरंच राग आला. मी म्हणालो, “काही केलं नाही, तात्या. तुम्ही हात लावू नका म्हणालात, मी लावला नाही. माझी चूक असेल तर तेवढीच आहे.”

ऋतुजा पुढे झाली. पूजेसाठी काठापदराची साडी नेसली होती, ती तशीच गुडघ्यावर बसली आणि नाकाला पडलेल्या भोकात हात घातला. मूठ भरून गंज बाहेर काढला. ओला, काळा, चहाच्या चोथ्यासारखा. तिनं तो आजोबांपुढे धरला.

“तात्या, हात लावून बघा. हे कालचं नाही.”

तात्यांनी काठी सुनीलकडे दिली. वाकले. त्या भोकात बोट घातलं आणि कडेचा पत्रा दाबला. पत्रा पापडासारखा मोडला. त्यांनी आणखी थोडा मोडला. मग आणखी थोडा. बराच वेळ ते नुसते मोडत राहिले.

“कशानं झालं हे?”

“नारळाच्या पाण्यानं. आत जायचं आणि निघायला वाट नव्हती.”

“म्हंजी आमीच केलं.”

तात्या हळूच उभे राहिले. ऋतुजाकडे बघत होते, पण बोलले माझ्याशी. “मिस्त्री, मी हिला या गाडीत बसवून उसाच्या ट्रॉल्यांमधनं धाडनार हुतो. पोराटोरांसकट.” त्यांनी टोपी काढली, डोळे पुसले आणि परत घातली. माझेही डोळे भरून आले होते. आता नाही म्हणण्यात काय अर्थ आहे?

मी ऑईलच्या डब्यांमागून खोकं काढून आणलं. उघडून दाखवलं.

“हे कवा मागवलं?”

“तुम्ही ‘मग झालं तर’ म्हणालात, त्यानंतर.”

सुनील हसणार होता, पण बापाकडे बघून त्यानं ते गिळलं.

तात्यांनी आधी खाली पडलेला शेंदराचा गोळा उचलला. एकही तडा गेला नव्हता. खालच्या बाजूला नाकाचा ठसा उमटलेला. खांद्यावरचा टॉवेल पसरून त्यात तो बांधला. “हा देवघरात जाईल,” म्हणाले. मग रुतलेला नारळ ओढून काढला आणि इकडेतिकडे बघायला लागले. नारळ तर फोडायलाच हवा होता. मी ऐरणीकडे बोट केलं. हार घातलेल्या त्या ऐरणीवर त्यांनी तो फोडला. एका फटक्यात दोन वाट्या झाल्या. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, माझ्यासकट.

पुढचं काम सरळ होतं. कुजलेलं नाक मागच्या चांगल्या लोखंडापर्यंत कापलं. रिप्रोच्या आत जाड पट्टी घालून वेल्डिंग केलं, भोकं नव्यानं पाडली. पाणी निघून जायची वाट खाली मोठी ठेवली. डावं नाकही तपासलं. ते मूळचंच राहिलं, त्याला काही झालं नव्हतं, कारण त्याची कोणी पूजा केली नव्हती. बाकी जीप मी कबूल केल्याप्रमाणे मूळ भागांवरच उभी केली. जाळी, हेडलाईट, मीटर, सगळं तेच. मग ऋतुजाला राहुरीपर्यंत घेऊन गेलो आणि परत आणलं. या वेळी मी तिच्या चुका काढल्या. गिअर उशिरा टाकतेस, म्हणालो. ती म्हणाली, “चाचा, आता बरे झालात.”

लग्नाच्या सकाळी मी सोनईला होतो. नवरी नऊवारीत, डोळ्यांवर गॉगल, स्टीअरिंगवर मेंदीचे हात. मागे भावंडांचा कल्ला. तात्या नारळ घेऊन आले आणि सवयीनं सरळ उजव्या नाकापाशी गेले. हात वर झाला. तिथेच थांबला. त्यांनी वळून गर्दीत मला शोधलं.

मी अंगणातला एक दगड दोन्ही हातांनी उचलून चाकापुढे ठेवला. नारळ त्यावर फुटला. ऋतुजानं खाली उतरून नव्या नाकाला शेंदराचं एक बोट लावलं. एकच, टिकलीएवढं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “एवढं चालेल ना?” मी मान हलवली.

राहुरीपर्यंत वऱ्हाडाच्या टेम्पोत मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मागे बाया गाणी म्हणत होत्या. मी जीपचं उजवं चाक बघत होतो. ट्रॉल्या आल्या, गेल्या. चाक सरळ होतं. कार्यालयाच्या दारात जीप उभी राहिली तेव्हा मी पहिल्यांदा पाणी प्यायलो.

तात्यांना भेटायला मी अधूनमधून सोनईला जातो. जीप ओसरीसमोर उभी असते. आल्या-गेल्याला ते ती दाखवतात. मागच्या वेळी एका पाहुण्याला उजव्या नाकाशी नेऊन सांगत होते, “समदी ओरिजिनल हाय. यासीन मिस्त्रीचं काम.” मी तिथेच चहा पीत होतो. पाहुण्यानं माझ्याकडे बघितलं. मी चहाच पीत राहिलो.

रिप्रो मालाला मी अजूनही नावं ठेवतो, ती सवय जायची नाही. पण नजर जाते तो भाग वेगळा आणि जीव टांगलेला असतो तो भाग वेगळा, हे आता गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगून टाकतो. कुठलीही जुनी गाडी दारात आली की लोकांना वाटतं मी आधी मॉडेल विचारेन. मी आधी विचारतो, “नारळ कुठं फोडता?”